नँडा इंटरनॅशनलचे परिचर्या-निदान वर्गीकरण: वॉर्डातील वापराविषयी

केसपेपरवर न्यूमोनिया असे निदान लिहिले गेले की औषधोपचाराची दिशा ठरते. मात्र त्या रुग्णाची परिचर्या करताना आधी कशाकडे लक्ष द्यायचे, हे त्यातून कळत नाही. रुग्णाच्या परिचर्येच्या गरजांना दिलेल्या प्रमाणित नावांचे, म्हणजे परिचर्या-निदानांचे, नँडा इंटरनॅशनल या संस्थेने केलेले वर्गीकरण नेमके येथे उपयोगी पडते आणि प्रत्यक्ष वापरात ते मला भरवशाचे वाटते. १९७३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे भरलेल्या परिषदेपासून हे काम सुरू झाले. २०२१–२०२३ च्या आवृत्तीत १३ क्षेत्रे, ४७ वर्ग आणि २६७ निदाने आहेत.

या वर्गीकरणाचे खरे बळ संख्येपेक्षा प्रत्येक निदानाखाली दिलेल्या लक्षणांत आणि कारणांत आहे. न्यूमोनियाच्याच रुग्णाबाबत तीन जवळची निदाने समोर येतात (कंसात वर्गीकरणातील क्रमांक): श्वासमार्ग मोकळा न राहणे (०००३१), वायूंच्या देवाणघेवाणीत बिघाड (०००३०) आणि श्वसनाची पद्धत अपुरी पडणे (०००३२). रुग्ण खोकतो पण चिकट कफ सुटत नाही, स्टेथोस्कोप लावला की घरघर ऐकू येते, तर पहिले निदान ठरते; मग पुरेसे पाणी, परिणामकारक खोकला शिकवणे आणि गरज पडल्यास सक्शन (नळीने कफ ओढून काढणे), हा क्रम आपोआप समोर येतो. तोच रुग्ण अस्वस्थ होऊन असंबद्ध बोलू लागला आणि रक्तातील ऑक्सिजन घसरला, तर दुसऱ्या निदानाचा विचार करावा लागतो आणि डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते. निदान, त्याचे कारण आणि त्याचा पुरावा एकाच वाक्यात लिहिण्याची शिस्त असल्यामुळे हँडओव्हर घेणाऱ्या परिचारिकेला मागच्या शिफ्टचा विचारही कळतो, आणि मला ही या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

धोकादर्शक निदानांचीही सोय चांगली आहे. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाच्या त्वचेवर अजून काहीही दिसत नसताना, केवळ जोखमीच्या घटकांवरून तेथे निदान नोंदवता येते, आणि एरवी कागदावर न येणारे प्रतिबंधाचे काम नोंदीत येते.

उणिवा मात्र गंभीर आहेत. कित्येक निदानांची शब्दरचना बोजड असून नवख्या परिचारिकेला ती पाठ करण्याची गोष्ट वाटते. संगणकप्रणालीत वापरण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. त्याहून चिंतेची बाब अशी की, तयार यादीतून निवडण्याची सोय झाली की तपासणीआधीच निदान निवडले जाते आणि पुराव्याच्या रकान्यात यादीतलीच लक्षणे उतरतात. वर्गीकरण स्वतःहून हे रोखू शकत नाही.

म्हणून हे वर्गीकरण नव्याने स्वीकारणाऱ्या वॉर्डाने तेथे वारंवार आढळणाऱ्या मोजक्या निदानांपासून सुरुवात करावी, आणि समस्या दूर झाल्याने आता लागू नसलेली निदाने प्रत्येक शिफ्टला केअर प्लॅनमधून काढण्याची जबाबदारी आधीच नेमून द्यावी.