रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि स्फिंक्स: बरेच महिने मराठीत लिहिल्यानंतर

परवा एका नव्या स्वयंसेविकेने आमच्या प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेतली एक ओळ सुधारली आणि अख्खा बिल्ड, म्हणजे मजकुरापासून पानं तयार करण्याचं काम, पडला. तिने लिहिलं होतं: ``सेटिंग``मध्ये. मराठी म्हणून अगदी बरोबर. पण रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहायच्या पद्धतीला, खूण (इथे कोडनावाभोवतीचे दोन-दोन बॅकटिक) संपल्यावर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. आपला प्रत्यय नावाला चिकटला की ‘इनलाइन लिटरल स्टार्ट-स्ट्रिंग विदाउट एंड-स्ट्रिंग’ (खूण सुरू झाली, पण संपली नाही) अशी वॉर्निंग येते. या मजकुरातून पुस्तिका तयार करणारं साधन म्हणजे स्फिंक्स; ते आम्ही ‘-डब्ल्यू’ लावून चालवतो, म्हणजे वॉर्निंग आली की काम थांबलं.

यावरचा अधिकृत उपाय म्हणजे मधे बॅकस्लॅश आणि स्पेस टाकायची. अनुवाद साठवणाऱ्या पीओ फाइलमध्ये तोच बॅकस्लॅश दोनदा. मराठीत फाइलचं किंवा फंक्शनचं नाव -ने, -ला, -चा, -मध्ये यांच्याशिवाय येतंच किती वेळा? फुकट वेळ देणाऱ्या माणसाची संध्याकाळ अशा बॅकस्लॅशात जावी, याचा मला खरोखर संताप येतो.

बाकी स्फिंक्सबद्दल तक्रार नाही. पायथनची पुस्तिका 2008 मधल्या 2.6 आवृत्तीपासून लाटेक सोडून इथे आली, लिनक्स कर्नलने 2016 मध्ये 4.8 पासून डॉकबुककडून इकडे वळायला सुरुवात केली. त्यामागे कारणं आहेत. पानं हलवली तरी ‘रेफ’ या खुणेने दिलेले दुवे टिकतात. गेटटेक्स्ट या अनुवाद सांभाळणाऱ्या साधनामुळे मूळ परिच्छेद बदलला की त्याचा अनुवाद ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचा, म्हणून वेगळा दिसतो. भाषांतराच्या कामात एवढ्यावरच मी बाकी पुष्कळ माफ करते.

आस्कीडॉक ही अशीच दुसरी लेखनपद्धतही पाहिली. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची मॅन्युअल पानं त्यातच लिहिलेली आहेत. तिथे एका बॅकटिकला हीच अडचण आहे, दोन वापरले की सुटते.

इथवर लिहिल्यावर, स्फिंक्स ज्याच्या आधारे चालतं त्या डॉक्युटिल्सची ‘कॅरेक्टर-लेव्हल-इनलाइन-मार्कअप’ ही सेटिंग सापडली, त्यामुळे वरचा राग थोडा खाली घेते. डॉक्युटिल्सच्या कॉन्फ फाइलमध्ये ती चालू केली आणि प्रत्यय निमूट चिकटले. मात्र मग २*क*ख यातला ‘क’ तिरपा होतो, कारण तारे ही तिरप्या अक्षरांची खूण. आमच्या पुस्तिकेत सूत्रं भरपूर, म्हणून ती सरसकट लावता येत नाही.

शेवटी तडजोड अशी: संदर्भपानं रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्येच, आणि नवशिक्यांसाठीची पानं मिस्ट मार्कडाउनमध्ये, म्हणजे स्फिंक्सला कळणाऱ्या मार्कडाउनमध्ये. तिथे एका बॅकटिकनंतर थेट ‘मध्ये’ लिहिता येतं, आणि स्फिंक्स तेच असल्याने दुवे, पीओ फाइली सगळं चालतं. साध्या मार्कडाउनवर पूर्ण जायला मी तयार नाही. 2014 मध्ये कॉमनमार्क हे मार्कडाउनचं नियमबद्ध रूप आलं तरी टेबलं आणि तळटीपा त्याच्या गाभ्यात नाहीत, जो तो आपापली पुरवणी जोडतो.

मराठी पुस्तिकेसाठी फॉरमॅट निवडत असाल तर आधी प्रत्यय लावलेलं एक कोडनाव लिहून बिल्ड चालवा. टेबलं, थीम, शोध हे सगळं त्यानंतर बघा.