ऑर्कला माणसांत घेतलं, पण त्याचं घर बाहेरच राहिलं

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन गोष्ट रचायचा खेळ. त्याचं २०२४चं नियमांचं पुस्तक, 'प्लेअर्स हँडबुक', मी आणलं ते खरं सांगायचं तर ऑर्कसाठी, म्हणजे त्यातल्या सुळेवाल्या, दांडग्या कल्पित जमातीसाठी. मालवण तालुक्यातल्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवते. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली, आणि आमच्या पडवीत भाचा नि त्याचे तीन मित्र खेळायला जमतात. फासे आम्ही सुपात टाकतो, म्हणजे ते घरंगळून पागोळ्यांत जात नाहीत.

३८४ पानांचं पुस्तक आहे. नियम नीट लावलेत, हवा तो चटकन सापडतो, चित्रं मुलांनी परत परत उघडून पाहिली. त्याबद्दल तक्रार नाही. मी बोलणार आहे ते ऑर्कबद्दल.

२०१४च्या हँडबुकात खेळाडूला फक्त अर्धा-ऑर्क होता येत असे. पूर्ण ऑर्क खेळातल्या राक्षसांच्या वेगळ्या पुस्तकात, आणि त्याच्या नावापुढे सरळ 'दुष्ट' लिहिलेलं. आता तो माणूस, एल्फ, बुटके यांच्या पंगतीत बसलाय, दहा जमातींपैकी एक. ग्रूम्श हा त्यांचा देव, आणि त्यानं लेकरांना मैदानं, गुहा नि खवळलेले समुद्र पार करायला बळ दिलं, असं पुस्तक सांगतं. चौघांतला एक रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा मुलगा. खवळलेला समुद्र वाचल्यावर त्यानं ऑर्क घेतला तो घेतलाच. मुलांना यात काही नवल वाटलं नाही. आरवलीचा वेतोबा भुतांचा राजा, तरी आपण त्याला राखणदार मानतो, केळ्यांचे घड नि चामड्याच्या चपला वाहतो. उग्र दिसणारा आपला असू शकतो, हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही.

शरीराचं म्हणाल तर काही गोष्टी फार सुरेख जमल्यात. ऑर्कला १२० फुटांपर्यंत अंधारात दिसतं, पण रंग दिसत नाहीत, नुसत्या करड्या छटा. हे अगदी बरोबर आहे. मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. रंगांसाठी शंकुपेशी लागतात, त्यांना उजेड हवा. एका संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी परड्यातली एक लाल नि एक पिवळी जास्वंद आणून मुलांसमोर धरली. पाकळ्या दिसत होत्या, बाहेर आलेला लांब केसरही दिसत होता, पण लाल कुठली ते चौघांपैकी कोणाला खात्रीनं सांगता येईना. कंदील लावला आणि चौघांना ऑर्कचा डोळा समजला.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे चिवटपणा. खेळात प्रत्येक पात्राचा जीव आकड्यात मोजतात. तो शून्यावर आला तरी ऑर्क पडत नाही, एकावर टिकतो. लांब विश्रांती घेतल्याशिवाय पुन्हा मात्र नाही. रापणकराच्या मुलाचा ऑर्क पुलावर एकटा उरला होता. फासा वाईट पडला, बाकीचे गप्प झाले, आणि त्यानं पेन्सिलीनं शून्य खोडून एक लिहिला. म्हणाला, "अजून जीव हा तेच्यात."

सुळ्यांवर मात्र मी अडले. मजकुरात खालचे सुळे मोठे, एवढंच आहे. आपल्या रानडुकराचा खालचा सुळा आयुष्यभर वाढतो आणि वरच्या सुळ्यावर घासून धारदार राहतो. ऑर्कचा वाढतो का? घासतो कशावर? पोरींना किती मोठे असतात? आणि मग मुलाचा प्रश्न आला: "बाई, ह्यो ऑर्क खाता काय? रवता खंय?" मी पानं उलटली. उत्तर नाही. काय खातात, पोरं कोण सांभाळतं, म्हातारे कुठे बसतात, काही नाही. आयुष्यसुद्धा त्याचं असं वेगळं नाही, आणखी काही जमातींसारखंच सरासरी ८० वर्षं.

उत्तरं आहेत, पण ती याच खेळाच्या २०१६च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' या पुस्तकात. तिथला ऑर्क बाराव्या वर्षी वयात येतो आणि फार तर पन्नास वर्षं जगतो. एवढ्या दोन आकड्यांवर अख्खा समाज उभा करता येतो. आपला बांगडाही लवकर वयात येतो नि थोडीच वर्षं जगतो. ज्याला मरण जवळ, त्याला घाई असते. तिथे लुथिक नावाची गुहामाता आहे, तिच्या भगतिणी वस्तीच्या आतल्या अंगाला पोरं वाढवतात, गुहेतली अस्वलं पाळतात. आणि ग्रूम्शची ती जुनी कथा: देवांनी जमिनीच्या चिठ्ठ्या टाकल्या, डोंगर-रानं सगळी वाटली गेली, याच्या वाट्याला काही उरलं नाही, म्हणून यानं भाला उगारून डोंगर फोडले. मी हे सांगत असताना भाचा मधेच म्हणाला, "परशुरामासारखं!" खरंच की. सगळी पृथ्वी दान करून बसलेल्या परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला आणि स्वतःला पाय ठेवायला जागा काढली, ती जागा म्हणजे आपण बसलोय ती. माझ्या अंगावर काटा आला.

पण त्याच पुस्तकात ऑर्क खेळायला घेतला की बुद्धीतून दोन गुण वजा होत. २०२०मध्ये ती वजाबाकी काढली, ते योग्यच झालं. अख्ख्या जमातीला जन्मतःच मंद ठरवणं मला वर्गात चालत नाही, खेळात का चालावं? दुष्टपणाचा शिक्का पुसला याचाही मला मनापासून आनंद आहे. दुःख एवढंच, की शिक्क्याबरोबर चूल, गुहा, आई, अस्वल सगळंच पुसलं गेलं. २०२५च्या राक्षसांच्या पुस्तकात तर ऑर्कची वेगळी नोंदच नाही.

तेव्हा घ्यायचं का? नियमांसाठी जरूर घ्या. ऑर्कसाठी २०१६चं पुस्तक कुणाकडे असेल तर मागून आणा आणि त्यातलं घर या नव्या ऑर्कला द्या. आपल्या दमट हवेत गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून पावसाळ्यात पुस्तक पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा.

आम्ही वहीचं एक पान लिहून ऑर्कच्या पानात सरकवून ठेवलंय. मुलांचे ऑर्क सड्यावर जांभ्याच्या गुहांत राहतात, अळंबी आणि सुकं म्हावरं खातात. जून-जुलैत होड्या पाण्यात घालत नाहीत. तेव्हा मासळी अंड्यांवर असते, हे कारण रापणकराच्या मुलानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.