मुलाची रिपीट कोलोनोस्कोपी: मुंबईतल्या एका सेंटरचा अनुभव, चांगला आणि वाईट दोन्ही

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, कारण कौतुकासोबत तक्रारी पण भरपूर आहेत. पण ज्यांच्या मुलांना क्रोन्स (आतड्याला सूज येऊन जखमा होणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार) आहे आणि डॉक्टरांनी "परत एकदा स्कोपी करून बघू" म्हटलंय (म्हणजे कोलोनोस्कोपी, शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून बघणं), त्यांनी सेंटर कसं निवडायचं हे कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितेय.

आधी घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. मुलगा खातोय पितोय, वजन वाढलंय, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी टेस्ट) नॉर्मल, मग परत नळी कशाला? आमच्या सासूबाईंनी तर डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "आजी, पोट शांत झालं म्हणजे आतड्यातली जखम भरली असं या आजारात नसतं." आणि खरंच तसंच होतं. इन्फ्लिक्सिमॅब हे सूज कमी करणारं औषध चालू होतं, दर ८ आठवड्यांनी सलाईनमधून, पोरगा अंडर-१२ च्या मॅचेस खेळत होता, आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट केली तर आकडा वर. ही टेस्ट ५० च्या खाली नॉर्मल धरतात आणि २५० च्या वर गेली की आत सूज असण्याची शक्यता जास्त, पण सूज नेमकी कुठे आणि किती ते ती सांगत नाही. त्यासाठी नळीच घालावी लागते. लहान मुलांमध्ये तर ही सूज गुपचूप चालू राहिली की उंची खुंटते, आतडं आकसतं आणि मग ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते, म्हणून वाट बघत बसायचं नाही एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

आता सेंटरबद्दल. सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे रिपोर्ट. आधी एका दुसऱ्या ठिकाणी केली होती तिथे चार ओळींचा कागद दिला, खाली "आयलायटिस" (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज) आणि सही, फोटो दोन, तेही धुरकट. पहिल्या वेळी ठीक आहे हो, तेव्हा मुख्य प्रश्न क्रोन्स की आतड्याचा टीबी हाच असतो, आपल्याकडे दोन्ही सारखे दिसतात म्हणून बायोप्सी, टीबीच्या टेस्ट सगळं होतं आणि काही मुलांना तर आधी एकेटी (टीबीची औषधं) देऊन बघतात. पण रिपीट स्कोपीचा सगळा जीव तुलनेत आहे. मागच्या वेळी केवढं होतं आणि आता केवढं आहे हेच कळणार नसेल तर पोराला उपाशी ठेवून भूल कशाला द्यायची? इथे डॉक्टरांनी स्कोअर लिहून दिला, आतड्याचे पाच भाग धरून प्रत्येक भागात अल्सर केवढा, किती जागेत पसरलाय, कुठे अरुंद झालंय का, आणि स्क्रीनवर जुने फोटो डावीकडे नवे उजवीकडे लावून आम्हाला दाखवलं. मोठ्या आतड्यात सगळं गुलाबी, छान, पण लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला अजून पांढरट खड्डे. मला काही मेडिकल कळत नाही तरी दोन मिनिटांत समजलं की औषध अर्धवटच लागू पडतंय. मग रक्तातली औषधाची लेव्हल काढली, ती कमी निघाली, आणि ८ आठवड्यांचं अंतर कमी केलं. स्कोपी नसती केली तर मॅचेस बघून आम्ही खुशच राहिलो असतो.

भूलवाल्या मॅडम एकदम मस्त. हाताला सुन्न करायचं क्रीम तासभर आधी लावून ठेवतात त्यामुळे सुई टोचताना आरडाओरडा नाही, आणि आईला झोप लागेपर्यंत आत थांबू देतात. पोट फुगवायला साधी हवा न वापरता कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो पटकन शोषला जातो म्हणून नंतर पोटात कळा कमी येतात. हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, सगळीकडे नसतं.

तक्रारी. एक, तयारीचा कागद मोठ्यांचाच हातात देतात. पेगलेकचं (पोट साफ करायची पावडर) अख्खं पाकीट दोन लिटर पाण्यात हे मोठ्यांचं झालं, मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि हे सांगायला सिस्टरला दोनदा फोन करावा लागला. चव खारट, ओकारी येते, आम्ही फ्रीजमध्ये थंडगार करून स्ट्रॉने पाजलं आणि मध्ये मध्ये लिंबू चाटायला दिलं. नारळपाणी चालतं, गाळलेलं सरबत चालतं, पण कोकम अजिबात नाही, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. हेही त्या कागदावर नव्हतं!

दोन, वेटिंग एरियात मुलांसाठी धड एक बाथरूम नाही. जुलाबाचं औषध घेतलेल्या पोरांना आणि मोठ्या पेशंटना मिळून एकच संडास, बाहेर लाइन, आतला नळ गळका. मावशी बिचाऱ्या सारख्या पुसत होत्या पण त्या तरी किती पुरणार. एवढं बिल घेता तर हे जमायला हवं.

तीन, इन्शुरन्स डेस्क. फक्त तपासणीसाठी भरती झालात तर क्लेम नाही असं कलम पॉलिसीत असतंच, त्यामुळे डॉक्टरांकडून "चालू उपचार बदलायचे की नाही हे ठरवण्यासाठी गरजेची" असं स्पष्ट लिहिलेलं पत्र आधीच घेऊन जा. डेस्कवरचा मुलगा आम्हाला हे डिस्चार्जच्या वेळी सांगतोय, तोपर्यंत पोराने इडली मागून मागून डोकं खाल्लं होतं.

परत इथेच जाणार का? हो, रिपोर्टसाठी आणि भूलवाल्या मॅडमसाठी. बुकिंग करताना पहिलाच नंबर मागा. उशिराच्या नंबरात मध्येच इमर्जन्सी आली की मूल दुपारपर्यंत उपाशी. पहिला नंबर म्हणजे जुलाबाच्या औषधाचा दुसरा डोस पहाटे साडेतीनला द्यावा लागतो, झोपमोड होते पण चालेल. ठाणे-मुलुंडकडून येणार असाल तर गाडीत डायपर, जुना टॉवेल ठेवा, मुलगा कितीही लाजला तरी, आणि सहाच्या आत निघा, नंतर ईस्टर्न एक्सप्रेसवर काही खरं नाही.