तालुक्याच्या सरकारी डायलिसिस केंद्राचा वर्षभराचा अनुभव

तळकोकणातील आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेल्या वर्षभरापासून माझ्या आईचे डायलिसिस होत आहे. त्याआधी काही महिने आम्ही तिला दूरच्या खासगी रुग्णालयात नेत होतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या सेवेची तुलना मला करता येते. ज्या कुटुंबांपुढे हाच प्रश्न उभा आहे त्यांनी सरकारी केंद्राचा विचार अवश्य करावा, असे माझे मत आहे. मात्र ही सेवा कशावर तगून आहे आणि खर्चकपातीत तिचा कोणता भाग सर्वांत आधी तुटतो, तेही त्यांना माहीत असायला हवे.

उपचाराच्या दर्जाबाबत माझी तक्रार नाही. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास आई यंत्रावर असते. एका सत्रात शंभर लिटरहून अधिक शुद्ध द्रव यंत्रातून वाहतो; त्यासाठीचा पाणी शुद्ध करणारा आरओ संच येथे नीट चालतो आणि फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेल्या हातातील रक्तवाहिनीत, सुई घालताना टेक्निशियन व सिस्टर जी काळजी घेतात, ती मी खासगी रुग्णालयात पाहिलेल्यापेक्षा कमी नाही. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार निःशुल्क झाले. या दोन निर्णयांमुळे आमच्यासारख्या कुटुंबाला कर्ज न काढता हा आजार पेलता आला. घराजवळ सेवा असल्यामुळे गाडीभाडे वाचते आणि सोबत येणाऱ्याची दिवसाची मजुरीही पूर्ण बुडत नाही.

अडचण मनुष्यबळाची आहे. केंद्रात टेक्निशियन एकच आणि तोही कंत्राटी. त्याला प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवले, किंवा त्याच्या कराराचे नूतनीकरण रखडले, की यंत्रे सुस्थितीत, रक्त गाळणारे डायलायझर साठ्यात आणि तरीही केंद्र बंद, अशी स्थिती येते. इतर काही उपचार चार दिवस पुढे ढकलता येतात, डायलिसिस येत नाही. सत्र चुकले की रक्तातील पोटॅशियम वाढते, फुप्फुसांत पाणी साठते, रुग्णाला धाप लागते आणि मग १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून त्याला कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळीला रेफर करावे लागते. रुग्णवाहिका, अतिदक्षता विभागातील खाट आणि तिथले तातडीचे डायलिसिस यांचा खर्च अखेर सार्वजनिक तिजोरीतूनच होतो. एका पदाच्या वेतनात वाचलेले पैसे असे दुसऱ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील दुसऱ्या खर्चखात्यात, अधिक रकमेने खर्च होतात, आणि ते निराळ्या लेखाशीर्षाखाली असल्यामुळे बचत झाल्याचे कागदावर मात्र दिसते. रक्तवाढीसाठी लागणाऱ्या इरिथ्रोपोएटिन इंजेक्शनचेही तसेच आहे. साठा संपला की ते बाहेरून आणायची चिठ्ठी मिळते. ज्यांना ते परवडत नाही त्यांचे हिमोग्लोबिन उतरते आणि शेवटी रक्त चढवावे लागते.

शेजारच्या राज्यावर विसंबून राहणे किती नाजूक असते, हे सिंधुदुर्गाने अनुभवले आहे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे या जिल्ह्यातील गंभीर रुग्णांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ठिकाण. पण २०१८ च्या आरंभी तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले आणि दोडामार्गात त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. गोव्याने आपल्या करदात्यांचा विचार केला यात मला गैर वाटत नाही. आपल्या तालुक्यांतील सेवा विरळ ठेवून त्यांचा भार दुसऱ्याच्या अर्थसंकल्पावर कायम टाकता येणार नाही, हे आपण तेव्हाच ओळखायला हवे होते.

सरकारच्या तिजोरीला मर्यादा आहेत हे मला मान्य आहे. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या बराच मागे राहिला. आहे त्या रकमेतच भागवायचे असेल, तर एमआरआय किंवा अँजिओप्लास्टी प्रत्येक तालुक्यात असावी असा आग्रह मी धरणार नाही, त्या सोयी जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी चालतील. प्रसूती, सिझेरियन, सर्पदंश आणि डायलिसिस या सेवा मात्र जवळच हव्यात, कारण येथे अंतर हेच मृत्यूचे कारण ठरू शकते. कपात करायचीच तर जुन्या इमारतीत पदे रिक्त असताना बांधल्या जाणाऱ्या नव्या इमारतीत करावी आणि देखभालीची तरतूद न करता होणाऱ्या यंत्रखरेदीत करावी, माणसांत नको. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरातील ग्रामीण आरोग्य केंद्रांतून विंचूदंशावर जे काम उभे केले, त्यातले प्राझोसिन हे औषध स्वस्त होते. रुग्णाच्या उशाशी तासन्‌तास थांबणारा डॉक्टर तेथे होता, म्हणून त्या औषधाचा उपयोग कळला.

या केंद्रात आईला आणण्यापूर्वी तेथे टेक्निशियन किती आहेत, तो रजेवर गेल्यास कोण येते आणि केंद्र बंद राहिल्यास पर्यायी रुग्णालय कोणते, हे तीन प्रश्न मी विचारायला हवेत असे मला एका जुन्या रुग्णाने सांगितले होते. नव्याने येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी तेच सांगतो. दुसऱ्या टेक्निशियनच्या पदासाठी आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांनी रुग्ण कल्याण समितीकडे लेखी मागणी केली आहे. केंद्र महिन्यातून किती दिवस आणि कोणत्या कारणाने बंद राहिले, याची नोंद दर्शनी फलकावर लावावी, अशीही विनंती त्याच अर्जात आहे.