वीस तासांचं प्रशिक्षण: सलग शिबिर घ्यावं की कामाच्या जागी थोडं थोडं शिकवावं?

नाशिकजवळ सातपूर-अंबडच्या कारखान्यात, दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये किंवा बचत गटांच्या संघात प्रशिक्षणाचं काम अंगावर आलं की पहिला पेच वेळेचा पडतो. समजा, माणशी वीस तास मिळाले. ते तीन दिवसांच्या सलग शिबिरात घालावेत, की कामाच्या जागीच अर्ध्या-अर्ध्या तासाने वाटून द्यावेत? पुष्कळदा हॉल कधी मोकळा आहे, यावरच हे ठरतं. खरं तर काय शिकवायचंय ते आधी पाहायला हवं. हाताचं काम मशीनपाशीच शिकवावं. पगार, हक्क, बोलणं, निर्णय घेणं यांसाठी मात्र वेगळी खोली हवी आणि त्या खोलीत सुपरवायझर नसावा.

आधी हाताचं काम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना भराभर तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालला. त्यातल्या चार पायऱ्या आजही उपयोगी पडतात: शिकणाऱ्याला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर पुन्हा येऊन बघा. दाखवतानाही एकदा दाखवून भागत नाही. पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या सांगायच्या, दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीतली नेमकी खुबी आणि तिसऱ्यांदा ती तशीच का करायची याचं कारण.

बारीक माप घेण्याच्या व्हर्निअरचंच घ्या, त्यात मुख्य पट्टीवर एक छोटी पट्टी सरकते. ०.०२ मिमी लिस्ट काउंटच्या, म्हणजे कमीत कमी तेवढं माप दाखवणाऱ्या व्हर्निअरवर मुख्य पट्टी २४ दाखवते आणि सरकत्या पट्टीची सतरावी रेघ जुळते. १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, माप २४.३४ मिमी. एवढं हॉलमध्ये फळ्यावर दहा मिनिटांत समजतं. चुका होतात त्या पुढे. जबडे जोर लावून दाबले जातात, मधे धातूची बारीक चिप अडकते, शून्य जुळतंय का हे पाहिलं जात नाही, रेघ तिरकस नजरेने वाचली जाते. शिवाय जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, गरम असतो. १०० मिमीचा पोलादी जॉब २० अंश जास्त तापलेला असेल तर तो सुमारे ०.०२३ मिमी वाढतो, म्हणजे लिस्ट काउंटपेक्षाही जास्त. हॉलमधल्या थंड, कोरड्या नमुन्यावर हा फरक दिसायचाच नाही. मशीनपाशी तो पाच मिनिटांत हाताला कळतो: आत्ता मापा, गार झाल्यावर पुन्हा मापा.

मशीनपाशी शिकवण्याच्या अडचणीही आहेत. आवाज असतो, म्हणून एका वेळी एक किंवा दोनच जण घ्यावेत आणि २५-३० मिनिटांत थांबावं. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते. त्या आठवड्यात ठेवलेलं सत्र रद्द होणारच, तेव्हा ठेवूच नये. पाळी सुटतानाही नको, सगळ्यांचं लक्ष बसकडे लागलेलं असतं. सर्वांत मोठी अडचण म्हणजे जुना ऑपरेटर कामाबरोबर त्याचे शॉर्टकटही शिकवतो. म्हणून शिकवणाऱ्याच्या हाती एका पानाचा तक्ता हवा: पायरी, खुबी, कारण.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने जी दहा जीवनकौशल्यं मांडली, त्यांत निर्णय घेणं, समस्या सोडवणं, संवाद, ताण हाताळणं अशी आहेत. ती नुसत्या व्याख्यानाने येत नाहीत, त्यांना खरा प्रश्न लागतो. कामगाराचा खरा प्रश्न बहुतेक वेळा पगाराच्या स्लिपमध्ये सापडतो. स्लिप आणायला सांगा, नाव झाकायला सांगा, आणि सुरुवात ‘हातात किती पडले?’ इथून करा. एकूण पगार १४,०००, त्यातला पीएफ ज्यावर कापतात तो मूळ पगार व महागाई भत्ता १२,०००. शंभरामागे १२ म्हणजे पीएफ १,४४०. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची कपात, एकूण पगारावर ०.७५ टक्के म्हणजे १०५. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २००. हातात १२,२५५. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे शेजारणीच्या स्लिपवर २०० जास्त दिसतात आणि चर्चा आपसूक सुरू होते. ती थांबवू नका. टक्केवारीची भीती तिथेच जाते.

सुपरवायझर खोलीत असला की सगळे ‘समजलं’ म्हणतात आणि कोणी काही विचारत नाही. तो नसला की कोणीतरी सांगतं, स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो पण पासबुकात जमा नाही. शिकवणाऱ्याला यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, पासबुक कसं बघायचं, आधी लेखी विचारणा कोणाकडे करायची, हे सांगता आलं पाहिजे. पीएफचं प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच आहे. हे न सांगता नुसती जागरूकता दिली, तर माणूस आधीपेक्षा जास्त हताश होतो.

मग सलग शिबिर कोणासाठी? पेठ-सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यांतल्या पाड्यांवरून येणाऱ्यांसाठी. त्यांना दर आठवड्याची फेरी परवडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बायका मोकळेपणाने बोलू लागतात, ही शिबिराची खरी जमेची बाजू. पण दिवस बघून ठेवा. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भाताची पेरणी-लावणी, ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी, जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम. ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबर हाच त्यातल्या त्यात मोकळा काळ. शिबिरानंतर उजळणी ठेवली नाही तर महिन्याभरात बरंच विसरलं जातं.

मोबाईलवरचे व्हिडिओ उजळणीला ठीक, पहिल्या शिकवणीला नकोत. प्रमाणपत्र हवं असेल तर हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. त्यासाठी पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतली पूर्वज्ञानाची पडताळणी किंवा मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम पाहावेत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना आधी ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाशी जोडून द्यावं.

शहरातल्या कारखान्यासाठी वीस तासांची वाटणी अशी करावी: मशीनपाशी अर्ध्या तासाची सोळा सत्रं, म्हणजे आठ तास, वेगळ्या खोलीत आठवड्याला दीड तास, सहा बैठका, म्हणजे नऊ तास. एका बैठकीत पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. उरलेले तीन तास पडताळणीसाठी राखून ठेवा, आणि हे तास कोणी मागितले तरी देऊ नका. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर विसंबू नये, तिथे सगळे ‘छान’ लिहितात. महिन्याने मशीनपाशी जा, तीन जॉब मापायला द्या आणि क्वालिटी विभागाच्या मापाशी ताडून बघा, ०.०४ मिमीच्या आत फरक असेल तर हात बसला. खोलीतल्यांना अनोळखी स्लिप द्या, शेवटचा आकडा झाका, आणि हातात किती पडतील ते काढायला सांगा.