ग्रे व्हेटिव्हर: माती झटकलेला वाळा

माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरातल्या नाकाला टॉम फोर्डच्या ग्रे व्हेटिव्हर या परफ्युममध्ये (व्हेटिव्हर म्हणजे वाळाच) सुरुवातीला वाळा सापडतच नाही. फवारल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं ग्रेपफ्रूट आणि सेज या सुगंधी पाल्याची. मग जायफळ येतं, आयरिस या फुलझाडाच्या कंदाचा पावडरीसारखा मऊपणा येतो, आणि त्यानंतर कुठे कोरडं, स्वच्छ मूळ वर येतं. म्हणून काउंटरवर कागदी पट्टी हुंगून लगेच निर्णय घेऊ नका. मनगटावर एक फवारा मारा, चोळू नका, तासाभराने परत हुंगा.

2009 साली परफ्युमर हॅरी फ्रेमाँ यांनी हे परफ्युम बांधलं. वाळ्याच्या कच्च्या तेलात ओली माती, धूर, कच्च्या शेंगदाण्याचा वास असं बरंच काही असतं. जावाचं तेल जास्त धुरकट, हैतीचं त्यामानाने स्वच्छ. हलका वाळा करायचा म्हणजे बहुधा तेलातला जड, मातकट भाग पुन्हा ऊर्ध्वपातन करून वेगळा काढायचा, किंवा तेलापासून व्हेटिव्हेरिल ॲसिटेट बनवून तो वापरायचा. हा ॲसिटेट गुळगुळीत असतो, त्यात धूर जवळजवळ नाही. वर लिंबूवर्गीय फळं, खाली कोरडं लाकूड, की इस्त्रीच्या शर्टाला शोभेल असा वाळा तयार.

याची मजा उन्हाळ्यात. गोड, व्हॅनिलावाली परफ्युम घामात चिकट वाटायला लागतात. हे तसं होत नाही. मुंबईच्या दमटपणात मात्र वरचं ग्रेपफ्रूट झटकन उडतं. ते टिकवायचं तर एक फवारा शर्टाच्या आतल्या बाजूला, वीतभर अंतरावरून. रेशमावर नको, डाग पडू शकतो. दुसरा मानेच्या मागे, अंग पूर्ण कोरडं झाल्यावर. एसी ऑफिसला एवढे दोन पुरे. गोची अशी, की तळातल्या कोरड्या लाकडी वासाला आपलं नाक लवकर सरावतं. दुपारी 'उडालं वाटतं' म्हणून पुन्हा चार फवारे मारले जातात आणि शेजारच्या टेबलावरच्याचं डोकं दुखतं. आधी कोणाला तरी विचारा.

तक्रारी दोन. मधला टप्पा काही त्वचांवर साबणासारखा होतो. आणि किंमत: वाळ्याचा धूर, चिखल काढून टाकायचे एवढे पैसे का, हा प्रश्न रास्त आहे. साबणाचीच आवड असेल तर 1959 चं गर्लेनचं व्हेटिव्हर घ्या, त्यात लिंबू आणि तंबाखूही आहे. अंधारा, ओलसर वाळा हवा तर लालिकचं आंक्र न्वार, तेही बरंच स्वस्तात. आणि पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्याचाच वास हवा असेल, तर फ्रेंच बाटल्यांच्या मागे न लागता उत्तर प्रदेशातल्या कनौजची रूह खस, म्हणजे वाळ्याचा शुद्ध अर्क. तांब्याच्या देगेत काढलेली ही रूह हिरवट आणि दाट असते. काडीने कानामागे टिपक्याएवढी लावा, कपड्यावर नको. 'खस अत्तर' म्हणून मिळणारा स्वस्त गडद हिरवा द्रव बहुतेकदा रंग आणि रसायनच असतो.

ग्रे व्हेटिव्हर घ्यायचंच तर 50 मिली पुरे. बाटली कपाटात ठेवा. बाथरूमच्या फळीवर किंवा गाडीत ठेवलीत तर आधी ग्रेपफ्रूट बिघडतं, आणि सुरुवातीलाच टर्पेंटाइनसारखा उग्र वास येऊ लागतो.