एअर ॲम्ब्युलन्स निधी गट, खानापूर-बेळगाव : पैसे चोख, कागद ढिले

गंभीर रुग्णाला विमानाने दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायला पैसे उभे करणाऱ्या या गटाची खरी जमेची बाजू म्हणजे भाडं रोखीत न देता थेट विमान कंपनीच्या खात्यात भरलेली रक्कम. पूर्ण पैसे आल्याशिवाय कंपनी सहसा विमान हलवत नाही, म्हणून राखीव गंगाजळी हवीच. दर वेळी व्हॉट्सॲपवर हात पसरण्यात रुग्णाचे तास जातात.

घोडं अडतं ते कागदांवर. डॉक्टरांचं 'उड्डाणास योग्य' पत्र, केस समरी (आजार-उपचारांचा सारांश) आणि पलीकडच्या हॉस्पिटलची बेड-खात्री एकदम हवी. छातीत हवा साठलेला रुग्ण नळी टाकल्याशिवाय नेऊ नये, कारण उंचीवर ती हवा फुगते. हे विचारायला गटात एक डॉक्टर हवा, आज नाही.

कोटेशनमध्ये दोन्ही टोकांची रुग्णवाहिका धरली आहे का, तेही गटाने आधीच पाहावं. बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत ऑक्सिजन, व्हेंटिलेटरची गाडी लागतेच, आणि तिचं बिल मागाहून आलं की घरचे गोंधळतात. विमानतळ चालू असण्याची वेळही आधी विचारलेली बरी.

देणगीची पावती लगेच मिळते. मात्र २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हे पावतीपुस्तकावर छापा की राव!